तीन रात्रींची क्रूझ म्हणजे नेमके किती तास?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे एक निवृत्त बँक अधिकारी आणि त्यांच्या पत्नी, सोबत मुलगी-जावई, सहा वर्षांचा नातू आणि ब्याऐंशी वर्षांच्या आई. सिंगापूरच्या पॅकेजमध्ये तीन रात्रींची क्रूझ ‘सर्व समाविष्ट’ म्हणून दिली आहे. पैसे वसूल होतील का? बाल्कनीचे जास्तीचे पैसे भरावेत का? घरात सगळे शाकाहारी, आणि पत्नीला बोट लागते.

मी ठाण्यात अठरा वर्षं हाच धंदा करतोय. लोकांना जहाजावर पाठवतो आणि जमेल तेव्हा स्वतःही जातो. उत्तर जरा लांबेल, पण बँकेतल्या माणसाला हिशोब आवडतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

जाहिरातीत रात्री मोजलेल्या असतात, तुम्ही तास मोजा. तीन रात्रींच्या फेरीत पहिल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास तुम्ही जहाजात पाय ठेवता आणि चौथ्या दिवशी सकाळी आठला बाहेर पडता. हे झाले पासष्ट तास. झोपेचे चोवीस वजा करा. पहिल्या दिवशी केबिन शोधणं, सुरक्षा कवायत आणि सामानाची वाट पाहणं, शेवटच्या सकाळी लिफ्टपुढची गर्दी, यात आणखी चार गेले. उरले सदतीस. पाच रात्रींच्या फेरीला हाच हिशोब लावला तर एकोणसत्तर येतात, म्हणजे जवळपास दुप्पट. विमानाचं तिकीट, व्हिसा, टर्मिनलवरची रांग या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. शिवाय लांब फेरीचा दर रात्रीचा भाव सहसा कमी बसतो. त्यामुळे माझं स्पष्ट मत असं की सिंगापूर शहरातले दोन दिवस कमी करा आणि क्रूझ चार किंवा पाच रात्रींची घ्या. ते जमत नसेल तर तीन रात्रींची क्रूझ वाईट नाही. फक्त ती चव घेण्यापुरती आहे, पोटभर नाही, हे धरून चला.

दुसरी गोष्ट म्हणजे आधी जहाज निवडा, बंदरं नंतर बघा. आपल्याकडे उलटं होतं. ‘पिनांग बघायला मिळेल, फुकेत बघायला मिळेल’ म्हणून बुकिंग होतं आणि जहाजाचं नावसुद्धा कोणी विचारत नाही. जागेपणीचे बहुतेक तास जहाजावरच जाणार असतात. मी गिऱ्हाइकाला एक सोपा भागाकार शिकवतो. जहाजाचं ग्रॉस टनेज घ्या (हे वजन नसतं, जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप असतं) आणि त्याला दर केबिनमध्ये दोन माणसं धरून येणाऱ्या प्रवासीसंख्येनं भागा. उत्तर तीसच्या आसपास आलं तर दाटीवाटी जाणवणार, चाळीसच्या वर गेलं तर हातपाय पसरायला जागा आहे. मुंबई-गोवा करणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ १९९० सालचं आहे. साधारण ४८,५०० टन आणि १,६०० प्रवासी, म्हणजे तीस. सिंगापूरहून फिरणारं ‘गेंटिंग ड्रीम’ २०१६ चं आहे. दीड लाख टन आणि ३,३५० प्रवासी, म्हणजे पंचेचाळीस. म्हणून ‘एम्प्रेस’ टाकाऊ ठरत नाही. मुंबईत राहणाऱ्याला विमान नको, व्हिसा नको, बॅलार्ड पिअरला टॅक्सीनं गेलं की झालं. पण दोघांचा भाव एका तराजूत तोलू नका. मे महिन्यात आणि दिवाळीत मुलंबाळं घेऊन लोक निघतात. तेव्हा एकेका केबिनमध्ये तीन-चार माणसं असतात आणि हा भागाकार आणखी खाली येतो, हेही लक्षात ठेवा.

आता बाल्कनी. तीन रात्रींसाठी, सिंगापूरच्या दमट हवेत, अजिबात घेऊ नका. तुम्ही पहिल्या संध्याकाळी तिथे उभे राहून चार फोटो काढाल, घाम पुसाल आणि आत येऊन एसी लावाल. अलास्काला किंवा नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाड्यांमध्ये, गोष्ट वेगळी. तिथे देखावा पहाटेपासून रात्रीपर्यंत दाराशी सरकत असतो आणि बाहेर उभं राहायला गारठ्यामुळे जागा आपलीच लागते. तिथे मी स्वतः बाकी सगळीकडे काटकसर करून बाल्कनी घेतो.

तुमच्या आईंसाठी मात्र आतली, बिनखिडकीची केबिन नको. ती स्वस्त असते, झोपही छान लागते, पण दिवा घालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही इतका काळोख. वयस्कर माणूस रात्री बाथरूमला उठलं की दिशाच कळत नाही. आई आणि एक जण यांना खिडकीची केबिन घ्या, बाकीच्यांना आतली चालेल. आतल्या केबिनसाठी एक युक्ती आहे. टीव्हीवर बहुतेक जहाजांत पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल असतं. आवाज बंद करून ते रात्रभर चालू ठेवा. रात्री मंद उजेड आणि सकाळी उजाडलेलं कळतं.

केबिन कुठली, हा प्रश्न ‘कोणत्या प्रकारची’ याच्या इतकाच महत्त्वाचा आहे. जहाजाचा नकाशा कंपनीच्या साइटवर असतो. तुमच्या केबिनच्या वरही केबिन आणि खालीही केबिन, असं बघा. वर पूल डेक असला तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली नाचघर असलं तर रात्री दोनपर्यंत धडधड. लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यांवरची केबिन सगळ्यात कमी हलते. ‘गॅरंटी’ नावाचा एक स्वस्त भाव असतो. त्यात केबिनचा प्रकार पक्का असतो, पण नंबर कंपनी देईल तो. तरुण जोडप्याला मी तो खुशाल देतो. बोट लागणारं माणूस असेल तर शंभर डॉलर वाचवायला हा जुगार खेळू नये.

वहिनींना सांगा, फार घाबरायचं कारण नाही. सिंगापूर-पिनांगचा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलाया, मध्ये पाणी बहुतेक वेळा तळ्यासारखं. मोठ्या जहाजांना पाण्याखाली माशाच्या परांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डोलणं बरंच कमी करतात. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घेऊन ठेवा आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. अरबी समुद्रात मात्र जून ते सप्टेंबर कोणी कितीही स्वस्तात नेलं तरी जाऊ नका.

आमची आजी मुंबईहून रत्नागिरीला बोटीनं जायची. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि लोक पडावात उतरून किनाऱ्याला लागायचे. लाट वर आली की खलाशी बखोटीला धरून पडावात टाकायचा, असं ती सांगायची. तो पडाव आता लिफ्ट आणि स्पा असलेल्या जहाजावरही आहे, त्याला टेंडर म्हणतात. जिथे धक्का नाही किंवा पाणी उथळ आहे तिथे जहाज नांगर टाकतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतं. फुकेतला बरीचशी मोठी जहाजं पातोंगच्या उपसागरात अशीच उभी राहतात. यात दोन तोटे. येण्या-जाण्यात दोन तास सहज जातात, आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला समुद्र हलता असेल तर टेंडरमध्ये घेत नाहीत. आई बरोबर आहेत म्हणून बुकिंगपूर्वीच विचारा की कोणतं बंदर धक्क्याचं आणि कोणतं टेंडरचं. पिनांगला जहाज थेट स्वेटनहॅम पिअरला लागतं. बाहेर पडलं की चालत जॉर्ज टाउन, २००८ पासून युनेस्कोच्या यादीतलं शहर. त्यात लिटल इंडिया, इडली-डोसा, फुलांचे हार, सगळं आहे. तिथे जहाजाची सहल विकत घ्यायची काहीच गरज नाही.

‘क्वालालंपूर’ असं छापलेलं असेल तर सावध व्हा. जहाज पोर्ट क्लांगला लागतं, तिथून शहर तासाभरावर. ‘बँकॉक’ म्हणजे लाएम चाबांग, जवळपास दोन तास. ‘रोम’ म्हणजे चिविताव्हेक्किया, तिथून आगगाडीनं तासभर. ‘गोवा’ म्हणजे मुरगाव, पणजी तिथून तीसेक किलोमीटर. आठ तासांच्या थांब्यातून जायचे-यायचे तास आणि परतीची कडक वेळ वजा करा, मग किती उरतात ते बघा. पोर्ट क्लांगच्या दिवशी मी स्वतः खाली उतरत नाही. सगळे बसमध्ये बसून पेट्रोनास टॉवर बघायला जातात आणि जहाजावर पूल रिकामा, लिफ्ट रिकामी, कॉफीला रांग नाही. नातवाला पाण्याच्या घसरगुंडीवर त्या दिवशी हव्या तितक्या फेऱ्या मारता येतील. हा क्रूझमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आरामाचा दिवस.

परतीच्या वेळेवरून एक गोष्ट सांगतो, कारण ती माझ्याच लोकांची आहे. सांगलीचं एक जोडपं, दोघंही शिस्तीचे, शिक्षक. फुकेतला उतरले. शेवटचं टेंडर साडेचारला, हे कागदावर लिहून घेतलेलं. किनाऱ्यावर पोचले तेव्हा मोबाइलमध्ये तीन पन्नास. सर खुशीत, चाळीस मिनिटं हाताशी आहेत म्हणून शहाळं घेतलं. पण थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे. मोबाइलनं किनाऱ्यावर येताच आपोआप थायलंडची वेळ घेतली होती आणि जहाजाचं घड्याळ सिंगापूरच्याच वेळेवर होतं. जहाजावर चार पन्नास झाले होते, टेंडर वर उचलून बांधलेलं. बाई हातात शहाळं धरून तशाच उभ्या राहिल्या, असं सरांनी नंतर सांगितलं. पासपोर्ट जहाजवाल्यांनी बंदरावरच्या एजंटाकडे ठेवले होते म्हणून निभावलं. विमानानं सिंगापूरला परत, स्वतःच्या खिशातून. तेव्हापासून मी प्रत्येकाला मनगटावर साधं काट्यांचं घड्याळ लावून पाठवतो आणि ते जहाजाच्या वेळेला लावायला सांगतो. जहाजाकडूनच घेतलेली सहल उशिरा आली तर जहाज थांबतं, तुमची टॅक्सी उशिरा आली तर थांबत नाही. म्हणून बंदर शहरापासून लांब असेल तिथे जहाजाची सहल महाग असली तरी घ्यावी. जवळ असेल तिथे स्वतः फिरावं.

मोबाइलचा विषय निघालाच आहे. जहाज किनारा सोडताच फोन एअरप्लेन मोडवर टाका. तुमच्या नेहमीच्या आंतरराष्ट्रीय पॅकमध्ये समुद्रावरचं नेटवर्क धरलेलं नसतं. ते उपग्रहावरून येतं आणि बिल घरी आल्यावर कळतं.

आता ‘सर्व समाविष्ट’. माझ्या धंद्यातला सगळ्यात लवचीक शब्द हाच. भाड्यात राहणं, मुख्य भोजनगृह, बुफे, नाट्यगृहातले कार्यक्रम, पूल आणि मुलांचा क्लब येतो. बंदराचे कर बहुतेक वेळा वेगळे दाखवतात. थंड पेयं, दारू, चांगली कॉफी, इंटरनेट, फोटो, स्पा, खास रेस्टॉरंट, सगळ्याचे पैसे वेगळे, आणि पेयांच्या बिलावर सर्रास १८ टक्के सेवाशुल्क. त्याशिवाय टिप. मोठ्या अमेरिकी कंपन्या साधारण १६ ते २० डॉलर माणशी दररोज लावतात, आणि बहुतेक ठिकाणी मुलांनाही तोच दर. तुम्ही सहा जण, तीन रात्री, १८ डॉलर धरले तर ३२४ डॉलर. हा आकडा कोटेशनमध्ये नसेल तर कोटेशन अपुरं आहे.

टिपबद्दल मला थोडं बोलू द्या. आपली मंडळी दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवर जाऊन ‘ही टिप काढून टाका’ म्हणतात. काही कंपन्यांत काढताही येते. मला लाज वाटते. जो माणूस दिवसातून दोनदा तुमची केबिन आवरतो त्याच्या मिळकतीचा तो भाग आहे. आणि तो कोण असतो? पुष्कळदा आपलाच. गोव्यातल्या घराघरांतून तारवटी, म्हणजे खलाशी, समुद्रावर गेलेले आहेत, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाचीही मुलं आता भरपूर दिसतात. गेल्या खेपेला आमच्या टेबलाचा हेडवेटर कुडाळचा निघाला. आमच्या तोंडचं मराठी ऐकलं आणि हळूच वाकून म्हणाला, “ताई, उद्या काय करू सांगा, मेन्यूत नसलं तरी चालेल.” दुसऱ्या रात्री पिवळं वरण, जिऱ्याचा भात आणि बटाट्याची भाजी. बायकोनं तेव्हापासून त्या जहाजाचं नाव पाठ केलंय.

म्हणजे जेवणाचा मंत्र इतकाच: पहिल्या रात्री मुख्य भोजनगृहात जा, हेडवेटरला भेटा, शाकाहारी म्हणजे अंडंही नाही हे स्पष्ट सांगा आणि रोज रात्री दुसऱ्या दिवसाचं सांगून ठेवा. बुफेत वणवण करणारे उपाशी राहतात. जैन जेवण हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावं लागतं. सिंगापूरच्या जहाजांवर भारतीय गिऱ्हाईक खूप, त्यामुळे अडचण कमी. युरोप-अमेरिकेत जास्त विचारावं लागतं. घरचे डबे नेऊ नका. थालीपीठ-धपाटे गेटवरच काढून घेतात. कंपनीच्या सीलबंद पाकिटातला चिवडा सहसा चालतो. चहासाठी इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री नेलीत तर सामानातून बाहेर काढून शेवटच्या दिवशी परत देतील. जहाजावर आगीइतकी कशाचीच भीती नसते.

दारूचं पॅकेज घेणाऱ्यांसाठी: रोजचे ६० ते १०० डॉलर आणि अनेक कंपन्यांत एकानं घेतलं की त्याच केबिनमधल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावंच लागतं. जावईबापू दिवसाला सहा-सात ग्लास रिचवणारे नसतील तर सुटे पैसे द्या. कॅसिनोत जाऊ नका एवढंच म्हणेन, कारणं तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत.

सहा वर्षांच्या नातवाला मुलांच्या क्लबमध्ये पहिल्याच संध्याकाळी नोंदवा. हा क्लब भाड्यात धरलेला असतो आणि आपल्याकडचे आजी-आजोबा ‘परक्यांकडे कशाला’ म्हणून तो वाया घालवतात. पोर दोन तास तिथे रमलं की मुलीला जरा श्वास मिळतो.

सुरक्षा कवायत चुकवू नका. ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ खडकावर आदळलं तेव्हा त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलला. आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी ती होते. आईंना एकदा त्यांची जमायची जागा प्रत्यक्ष दाखवून आणा. आणि जेवणाआधी हात साबणानं धुवा. जहाजावर पसरणारा, उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही.

व्हिसात लोक फसतात ते असं: क्रूझवर निघालात की तुम्ही सिंगापूर सोडलं, परत आलात की पुन्हा प्रवेश केला. त्यामुळे व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, ते हातात आल्या आल्या बघा. पुढेमागे अलास्काचा विचार केलात तर तिथेही हाच घोळ. सिॲटलहून सिॲटलला परत येणाऱ्या फेऱ्यासुद्धा मध्ये कॅनडाच्या व्हिक्टोरियाला थांबतात, बऱ्याचदा रात्रीच्या काही तासांसाठी. कारण १८८६ चा एक अमेरिकी कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाला परक्या बंदराला न लागता केवळ अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी नेता येत नाहीत. आपल्याला मात्र त्या काही तासांसाठी अमेरिकेबरोबर कॅनडाचाही व्हिसा काढून ठेवावा लागतो.

विमा घेताना क्रूझ आणि समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते लेखी घ्या. जहाजावरचा डॉक्टर उत्तम असतो, पण बिल डॉलरमध्ये आणि जागच्या जागी. ब्याऐंशीच्या वयात हा कागद बाल्कनीपेक्षा कामाचा.

एजंटला उद्या फोन कराल तेव्हा जहाजाचं नाव, केबिनचे नंबर, टिप धरून एकूण रक्कम आणि कोणत्या बंदरात टेंडर, एवढं ईमेलवर मागवा. टीसीएस (परदेशी सहलीच्या पैशांवर आधीच घेतला जाणारा कर) किती कापतात तेही त्यातच येऊ द्या, विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. एजंटनं नंबर द्यायला टाळाटाळ केली तर समजा गॅरंटी केबिन आहे. मग त्याच पैशांत चार रात्रींची फेरी बसते का विचारा, आठवड्याच्या मधल्या वारी निघणारी. शनिवार-रविवार धरून जाणारी फेरी कायम महाग. आईंसाठी व्हीलचेअर बुकिंगच्याच दिवशी लिहून द्या. टर्मिनलवर ऐनवेळी मागितली तर मिळेपर्यंत तासभर उभं राहावं लागतं, आणि तुमच्या सदतीस तासांतला तोही एक कमी होतो.